रिकामी टाकी रिकामी नसते

जुन्या मोटरसायकलची टाकी आतून गंजली की आपण दोष देतो पेट्रोलला. पण टॉर्चच्या उजेडात आत पाहा. तळाशी पाणी साचतं तिथे गंज असतोच. पण वर, टाकीच्या छतालाही असतो, जिथे पेट्रोल पोचतच नव्हतं! पावसाळाभर गाडी अर्ध्या टाकीवर उभी राहिली, की उरलेल्या अर्ध्यात दमट हवा भरते. रात्री पत्रा गार झाला की तिचे थेंब होतात. गंजाचं आकारमान मूळ लोखंडापेक्षा मोठं, म्हणून तो घट्ट न बसता पापुद्र्यांनी सुटतो आणि खालचा पत्रा पुन्हा उघडा पडतो.

म्हणजे गंजाचं घर आहे ती आपण ‘रिकामी’ म्हणतो ती जागा. या शब्दाशी आपण जरा थांबू या. बेंजामिन ली व्हॉर्फ हे भाषेचे अभ्यासक पोटापाण्यासाठी अमेरिकेत एका अग्निविमा कंपनीत काम करीत. १९३९ साली लिहिलेल्या निबंधात त्यांनी नोंदवलं आहे, की भरलेल्या पेट्रोलच्या पिंपांजवळ माणसं जपून वागतात आणि ‘रिकाम्या’ पिंपांजवळ बिनदिक्कत सिगारेट ओढतात. वस्तुतः धोका रिकाम्याचा जास्त, कारण आत वाफ आणि हवा यांचं स्फोटक मिश्रण असतं. आपल्याकडे वैशेषिकांनी अभावाला स्वतंत्र पदार्थ मानलं. पण टाकीतला हा अभाव नव्हेच, नुसतं नाव तसं आहे.

तेव्हा पहिलं काम गंज काढण्याचं नाही, वाफ काढण्याचं. पेट्रोल उपसायचं, कॉक काढायचा, साबणाच्या गरम पाण्याने टाकी पुन्हा पुन्हा धुवायची. भोक दिसलं म्हणून तशीच टाकी वेल्डिंगला नेणं म्हणजे जिवाशी खेळ. ‘महिनाभर कोरडी पडली होती’ या सबबीवर विसंबू नये.

मग मूठभर नट टाकून, हलवून सुटे पापुद्रे पाडायचे. नट मोजून टाका आणि मोजून काढा. त्यानंतर लिंबूसत्त्व. १० लिटर कोमट पाण्याला साधारण १ किलो, आणि टाकी तोंडापर्यंत भरलेली, नाहीतर छताचा गंज जागीच राहतो. एक रात्र बहुधा पुरते. संडास धुण्याचं ॲसिड झटपट काम करतं खरं, पण ते गंजाबरोबर पत्राही खातं. आम्ही तरी ते सुचवणार नाही.

खरी परीक्षा पुढे आहे. ॲसिड ओतून टाकल्यावर आत चकचकीत पत्रा दिसतो, आणि त्याच क्षणी तो सर्वांत दुबळा असतो. काही मिनिटांत त्यावर केशरी झाक येते. म्हणून धुण्याच्या सोड्याचं पाणी, साधं पाणी आणि लगेच गरम हवेचा ब्लोअर, हे सगळं आधीच हाताशी मांडून ठेवायचं. मध्ये चहाला उठायचं नाही.

अस्तर द्यावंच का? भोकं नसतील आणि गाडी रोज चालत असेल, तर आमच्या मते नको. स्वच्छ केलेली टाकी भरलेली ठेवा, पुष्कळ झालं. भोकं असतील तर दोन भागांचं इपॉक्सी अस्तर घ्या, पण डब्यावर ते इथेनॉलला टिकतं असं लिहिलेलं असू द्या. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि काही जुनी अस्तरं त्यात मऊ पडून सुटतात. ओल्या किंवा गंजक्या पत्र्यावर दिलेलं अस्तरही तसंच सुटतं. त्याचा पापुद्रा जेटमध्ये अडकला, की गाडी भर घाटात, ट्रकच्या पुढ्यात बंद पडते.

कॉकच्या आट्यांना ग्रीस लावून भोक बंद करा. अस्तर ओतून टाकी सावकाश सगळीकडून फिरवा आणि जास्तीचं पूर्ण निथळू द्या, कारण तळाशी साचलेला जाड थर आत कच्चा राहतो. नंतर झाकण उघडं ठेवून, डब्यावर लिहिले असतील तेवढे दिवस, टाकी नुसती ठेवून द्यायची.