गरजेपुरते शूर

सदरमध्ये राहणाऱ्याला लष्कराचा इतिहास शोधायला लांब जावे लागत नाही. छावणीच्या मुख्य बाजाराला 'सदर बाजार' म्हणण्याची रीत इंग्रजी अमलात देशभर होती. आमच्या भागातून निघणारा रस्ता कडबी चौक, इंदोरा मागे टाकून कामठीला पोहोचतो. तेथील छावणी १८२१ सालची. याच कामठीत जून १९४२ मध्ये महार रेजिमेंटची दुसरी बटालियन उभी राहिली. महायुद्धाच्या ग्रंथांत चर्चिल भेटतात, माँटगोमेरी भेटतात. कामठीची ही पलटण मात्र क्वचितच भेटते. म्हणून तिची हकिकत सांगणे मला अगत्याचे वाटते.

ही हकिकत १९४२ मध्ये सुरू होत नाही. मुंबई इलाख्याच्या फौजेत महार सैनिक फार आधीपासून होते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत पडलेल्यांची 'नाक' प्रत्यय असलेली नावे तेथील स्तंभावर कोरलेली आहेत. पण १८५७ नंतर इंग्रजांनी 'लढवय्या जाती'चा सिद्धान्त रचला आणि १८९२ मध्ये महारांची भरती बंद केली. ज्यांच्या बळावर राज्य मिळवले तेच एकाएकी लढण्यास नालायक ठरले! येथील वर्णव्यवस्था आणि साहेबाचा वंशसिद्धान्त यांचे असे छान जमले.

या बंदीने केवळ नोकरी गेली नाही. लष्करामुळे अस्पृश्याला पगार, पेन्शन आणि अक्षरओळख मिळत होती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेतले शिक्षक. ती वाटच बंद झाली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये, तर शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज केले. सरकार हलले नाही.

सरकारला हलवले ते पहिल्या महायुद्धाने. माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये '१११ वी महार' पलटण उभारली गेली. युद्ध संपले, खर्चाची काटकसर सुरू झाली आणि १९२१ मध्ये ती मोडली. चार वर्षांपूर्वी लायक ठरलेला माणूस पुन्हा नालायक ठरला. लायकी माणसात नव्हती, साहेबाच्या गरजेत होती.

दुसऱ्या महायुद्धात तेच पुन्हा घडले असते. पण या वेळी अर्ज करणाऱ्यांमागे एक जागा झालेला समाज होता. जुलै १९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्यांनी महारांच्या स्वतंत्र रेजिमेंटचा आग्रह धरला. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला पहिली बटालियन उभी राहिली. तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. कामठीची बटालियन उभी राहिली आणि महिनाभरातच, १८ ते २० जुलै १९४२ ला, नागपुरात मोहन पार्कवर अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली. तीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जन्म झाला. कामठीत हाती बंदूक येत होती, नागपुरात हाती संघटना येत होती. हा केवळ योगायोग असे मी मानत नाही.

कामठीची ही बटालियन ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेली. १९४२ मध्ये तीत दाखल झालेले एक तरुण अधिकारी, के. व्ही. कृष्णराव, पुढे १९८१ मध्ये भारताचे लष्करप्रमुख झाले. १९४६ मध्ये रेजिमेंटला मशीनगनचे काम मिळाले आणि ती टिकली. चमार रेजिमेंटच्या वाट्याला मात्र हे भाग्य आले नाही. १९४३ मध्ये उभी राहिलेली, कोहिमाच्या रणात लढलेली ही रेजिमेंट १९४६ मध्ये मोडण्यात आली. तेव्हा पराक्रम दाखवला की न्याय मिळतो, ही समजूत सोडलेली बरी.

'देश तुरुंगात जात असताना तुम्ही साहेबाच्या पलटणीत गेलात,' असा टोमणा आमच्या मागच्या पिढीने ऐकला. साम्राज्याच्या फौजेचे गोडवे मलाही गायचे नाहीत. ती फौज साम्राज्यासाठीच होती. पण टोमणा मारणाऱ्यांनी एक प्रश्न स्वतःला विचारावा. ज्याला गावच्या पाणवठ्यावर जागा नव्हती, त्याने उद्याच्या स्वतंत्र देशाच्या सैन्यातही जागा मागू नये काय? सैन्य कोणत्या समाजांचे बनले आहे यावर राज्य कोणाचे हे ठरते, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. १९४० च्या 'थॉट्स ऑन पाकिस्तान'मध्ये त्यांनी भारतीय सैन्याची जातवार, प्रांतवार घडण तपासली ती उगीच नव्हे.

१९५६ मध्ये याच नागपुरात आम्ही ते जातनाम टाकून बुद्धाला शरण गेलो. रेजिमेंटवर ते नाव आजही आहे. तिचे केंद्र आता सागरला आहे आणि तीत सर्व समाजांचे जवान आहेत. माणसाने टाकलेले नाव पलटणीने सांभाळावे, याचा अर्थ प्रत्येकाने आपापला लावावा. मी एवढेच म्हणेन : आमचे आजे शूर होते की नाही, हा प्रश्न कधीच नव्हता. प्रश्न होता दाराची किल्ली कोणाच्या हाती, हा. १९१७ मध्ये ती साहेबाच्या हाती होती. १९४१ मध्ये तिच्यावर प्रथमच आमचाही हात पडला.