उच्छ्वासाची वाट

स्कूबाच्या, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली पोहण्याच्या, रेग्युलेटरचं कौतुक होतं ते टाकीतली हवा मागताक्षणी तोंडात आणून देण्याबद्दल. पण हे यंत्र माणसाच्या उपयोगी पडलं, ते सोडलेल्या हवेचा प्रश्न सुटल्यावर.

१९४३ साली फ्रेंच पाणबुडे जाक-इव्ह कूस्तो पॅरिसजवळच्या मार्न नदीत नवा रेग्युलेटर घेऊन उतरले. तो घडवला होता एमिल गान्याँ या अभियंत्याने, गॅसवर चालणाऱ्या मोटारींसाठी केलेल्या झडपेत फेरफार करून. आडवं पोहताना यंत्र छान चाले. उभं राहिलं की हवा भसाभस वाया जाई, डोकं खाली केलं की श्वास जड होई. दोष सापडला तो जागेत. हवा सोडणारी झडप हवा आणणाऱ्या झडपेपासून दूर, वेगळ्या पातळीवर होती. पाण्यात दहा सेंटिमीटरच्या फरकानेही दाब बदलतो, आणि तो फरक थेट छातीला जाणवतो. गान्याँनी दोन्ही झडपा शेजारी आणल्या आणि अडचण सुटली.

आजही रचनेचं सूत्र तेच आहे. तोंडाशी असलेल्या ‘सेकंड स्टेज’च्या डबीत एक रबरी पडदा असतो. श्वास ओढला की तो आत खेचला जाऊन तरफ दाबतो आणि हवा येते. जवळच, जाळीदार बैठकीवर, सिलिकॉनची पातळ चकती मध्यभागी देठाने अडकवलेली असते. श्वास सोडला की तिची कडा उचलते. दाब उतरला की ती पुन्हा बसते. चकती मोठी आणि मऊ असेल तर हवा सहज सुटते. मात्र फार मऊ झाली तर पाणी आत झिरपतं, फार मोठी झाली तर डबी बोजड होते. बाहेरची दुतोंडी नळी बुडबुडे डोळ्यांसमोरून बाजूला नेते, पण ती अरुंद असली तर तिचाच अडथळा होतो.

जमिनीवर स्नायू सैल सोडले की फुप्फुसं आपोआप आकसतात. ३० मीटर खोलीवर मात्र हवा चौपट दाट असते आणि ती बाहेर ढकलावी लागते. उच्छ्वास अपुरा राहिला की कार्बन डायऑक्साइड साचतो, धाप लागते. हवा कमी पडतेय असं वाटून माणूस आणखी ओढू लागतो. खरी गरज पूर्ण सोडण्याची असते. म्हणूनच युरोपच्या ईएन २५० मानकानुसार ५० मीटरच्या दाबाखाली, मिनिटाला ६२.५ लिटर हवा खेळवून चाचणी होते. श्वास ओढताना किंवा सोडताना दाबाचा फरक २५ मिलिबारपलीकडे गेलेला चालत नाही. म्हणजे साधारण पाव मीटर पाण्याचा भार.

पूर्ण श्वास सोडण्याची ही गोष्ट विहिरीत पोहणाऱ्याला नवी असते. जालना जिल्ह्याला समुद्र नाही. इथली पोरं विहिरीत पोहायला शिकतात आणि बुडी मारताना दम धरणं त्यांच्या अंगवळणी पडतं. कोकणात तारकर्लीला राज्य पर्यटन महामंडळाच्या (एमटीडीसी) स्कूबा केंद्रात पहिल्यांदा रेग्युलेटर तोंडात धरताना हीच सवय मोडावी लागते. विहिरीतला दम काठावर भरून नेलेला असतो. वर येताना तो मूळ आकाराला येतो, एवढंच. टाकीतली हवा मात्र खोल पाण्याच्या दाबाने छातीत भरते. १० मीटरवरून दम धरून वर आलं तर ती दुपटीने फुगू पाहते आणि फुप्फुस फाटू शकतं. श्वास कधीच रोखू नये, हा स्कूबाचा पहिला नियम त्यातून आला.

म्हणून पाण्यात उतरण्याआधी रेग्युलेटरमधून श्वास घेऊन पाहावा, तसा पूर्ण सोडूनही पाहावा. टाकी बंद असताना, नळीतली हवा संपवून हलकेच ओढलं आणि तरी हवा आली, तर कुठेतरी गळती आहे. बरेचदा चकतीच्या कडेला वाळूचा कण किंवा सुकलेलं मीठ अडकलेलं असतं. असा रेग्युलेटर बदलून मागताना कुणीही संकोच करू नये.