रेशीमकिड्याचा उपवास

जालना जिल्ह्यात कापूस, सोयाबीन आणि मोसंबी या पिकांच्या जोडीला तुतीचे मळेही उभे राहिले असून, २०१८ साली जालना कृषी उत्पन्न बाजार समितीत रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाल्यापासून, पूर्वी कोष विकण्यासाठी कर्नाटकातील रामनगरपर्यंत मजल मारणाऱ्या शेतकऱ्याला जवळच विक्रीची सोय झाली आहे. मात्र बाजारात कोषाला कोणता भाव मिळणार, हे बऱ्याच अंशी त्याआधीच्या साडेतीन-चार आठवड्यांत, संगोपनगृहातील रॅकवर ठरलेले असते. कारण कोषातला प्रत्येक धागा हा अळीने खाल्लेल्या पाल्याचाच असतो. त्यामुळे ‘अळी पाल्याला तोंड लावत नाही’ ही या व्यवसायातील सर्वांत धास्तीची तक्रार ठरते. वास्तविक ती एक तक्रार नाही. अळीचे खाणे थांबण्यामागे निसर्गनियम, पाल्याचा दर्जा, हवामान, विषबाधा आणि रोग अशी निरनिराळी कारणे असतात आणि त्यांतील एका कारणावरचा उपाय दुसऱ्या ठिकाणी अपाय ठरू शकतो.

बॉम्बिक्स मोरी असे शास्त्रीय नाव असलेला हा कीटक व्यवहारात तुतीच्या पानांवरच जगतो. तुतीच्या चिकात इतर अनेक किड्यांना घातक ठरणारी द्रव्ये असतात, ती रेशीमकिडा पचवतो. उलट इतर वनस्पतींची पाने समोर ठेवली तरी तो ती बहुधा नाकारतो. ही निवड अळीच्या मुखभागांतील चव ओळखणाऱ्या यंत्रणेवर अवलंबून असते. कडू चवीशी संबंधित एक जनुक निकामी केल्यावर अळ्यांनी फळे आणि धान्याचे दाणेही खाल्ल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, या जनावराला पर्यायी चारा नाही. तुती संपली, करपली किंवा विषारी झाली, तर दुसरे काही घालून वेळ निभावता येत नाही.

शंभर अंडीपुंजांतून, म्हणजे शंभर मादी पतंगांनी घातलेल्या अंड्यांतून, सुमारे चाळीस ते पन्नास हजार अळ्या निघतात. जन्मतः मुंगीएवढी असलेली अळी सुमारे पंचवीस दिवसांत आपले वजन जवळपास दहा हजार पटींनी वाढवते. कीटकाची कातडी अमर्याद ताणली जात नसल्यामुळे या वाढीसाठी तिला चार वेळा कात टाकावी लागते आणि त्यामुळे तिच्या आयुष्याच्या पाच अवस्था पडतात. पहिल्या दोन अवस्थांतील संगोपनाला ‘चॉकी’ म्हणतात. एकूण पाल्यापैकी चार-पंचमांशाहून अधिक पाला एकट्या पाचव्या अवस्थेत फस्त होतो आणि त्या सात-आठ दिवसांत संगोपनगृहात शिरताच पाला कुरतडण्याचा आवाज ऐकू येतो.

खाणे थांबण्याचे पहिले आणि पूर्णपणे निरोगी कारण म्हणजे ही कात. कातेवर बसणारी अळी पाल्यावर किंवा फांदीवर पाय घट्ट रोवते, शरीराचा पुढचा भाग उचलून निश्चल राहते, तिची कातडी ताणून चकचकीत होते आणि जुन्या डोक्यामागे नव्या डोक्याचा त्रिकोणी ठिपका दिसू लागतो. हा उपवास साधारणपणे एक दिवसाचा, तर चौथ्या कातेच्या वेळी दीड दिवसापर्यंतचा असतो. या काळात टाकलेला पाला वाया तर जातोच, शिवाय तो बिछान्यात कुजून ओल वाढवतो; म्हणून बहुतेक अळ्या कातेवर बसल्या की पाला बंद करून वर चुन्याची भुकटी धुरळतात. कात टाकून झाल्यानंतरही घाई नडते. आधी उठलेल्या थोड्या अळ्यांसाठी पाला घातला, तर त्या पुढे निघून जातात, मागच्या मागेच राहतात, आणि मग एकाच बॅचमध्ये काही अळ्या कोष विणत असताना काही अजून पाला मागत असतात. म्हणून जवळजवळ सर्व अळ्या उठल्यावर निर्जंतुकीकरणाची भुकटी टाकून, त्यानंतरच पहिला पाला देण्याची शिस्त पाळली जाते.

हा नियम केवळ रेशीमकिड्यापुरता नाही. कपाशीच्या शेतात आढळणारा खंडोबाचा घोडा हा जिवंत, हलते भक्ष्य पकडणारा शिकारी कीटक. तुतीच्या अळीशी त्याचे आहाराच्या बाबतीत काहीही साम्य नाही. तरीही छंद म्हणून तो पाळणाऱ्यांना हाच अनुभव येतो, कारण कात टाकण्यापूर्वी तोही भक्ष्य नाकारू लागतो आणि अशा वेळी पिंजऱ्यात सोडून दिलेला रातकिडा त्या असहाय अवस्थेत त्यालाच इजा करू शकतो. पाने खाणारा असो वा शिकारी, कातेवरच्या कीटकाला अन्न नव्हे, निवांतपणा लागतो.

कातेची वेळ नसताना अळ्या पाला सोडत असतील, तर प्रथम पाला तपासावा लागतो. रेशीमकिडा वेगळे पाणी पीत नाही, त्याला लागणारे सारे पाणी पानांतूनच मिळते. त्यामुळे पान सुकले की त्याची भूक आणि तहान दोन्ही अडतात. चॉकीतल्या अळ्यांना शेंड्याजवळचे कोवळे, रसदार पान लागते, तर मोठ्या अळ्यांना पक्व पाल्याच्या फांद्या चालतात. पिवळा पडलेला, धुळीने माखलेला किंवा ढीग लावल्यामुळे गरम झालेला पाला कोणत्याही वयात नकोसा असतो. म्हणूनच पाला सकाळी किंवा संध्याकाळी तोडून ओल्या गोणपाटाखाली ठेवतात. पावसाळ्यात प्रश्न उलटा होतो, कारण भिजलेल्या पाल्याने बिछान्यात ओल साठते आणि पोटाचे विकार बळावतात.

मराठवाड्याचे हवामान ही पुढची अडचण होय. कीटकाच्या शरीराचे तापमान भोवतालच्या हवेबरोबर बदलते; पाचव्या अवस्थेतील अळीला सुमारे २४ ते २५ अंश सेल्सिअस तापमान आणि ७० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता मानवते. एप्रिल-मे महिन्यांत बाहेर पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पाला काही वेळातच कोमेजतो आणि अळ्या कडेला सरकतात. हिवाळ्यातील थंड रात्री खाणे मंदावून अवस्था लांबते. ओली गोणपाटे, छतावर सावली, फॉगर, हिवाळ्यात धूर न करणारी ऊब आणि खेळती हवा या साध्या वाटणाऱ्या सोयींवरच अशा वेळी पिकाची मदार असते.

याहून गंभीर कारण विषबाधेचे आहे. तुतीचा मळा बहुधा कपाशी, सोयाबीन किंवा मोसंबीला लागून असतो आणि शेजारच्या फवारणीचे तुषार वाऱ्याबरोबर पाल्यावर येऊन बसतात. असा पाला खाल्लेली अळी डोके सैरावैरा हलवते, तोंडातून हिरवट द्रव ओकते, आकसते आणि थोड्याच वेळात लुळी पडते. काही कीटकनाशकांचा परिणाम मात्र नेमका उलटा दिसतो. अळीला अळीच्याच अवस्थेत ठेवणाऱ्या द्रव्याला बाल्यसंप्रेरक म्हणतात. त्याची नक्कल करणारी रसायने सूक्ष्म प्रमाणात पोटात गेली, तरी अळी मरत नाही, पण मुदत उलटून गेल्यावरही खातच राहते आणि कोष विणत नाही. इटलीत फळबागांवर फवारल्या गेलेल्या फेनॉक्सिकार्ब या रसायनामुळे तेथील रेशीम उत्पादकांना हाच फटका बसला होता. कपाशीवरील पांढऱ्या माशीसाठी वापरले जाणारे पायरीप्रॉक्सिफेन याच गटातील असल्याने तो धडा येथेही लागू पडतो.

रोगांमध्येही भूक मंदावणे हे आरंभीचे लक्षण असते. फ्लॅचरी या आतड्याच्या विकारात अळी सुस्त व मऊ पडते, ग्रासरी या विषाणूजन्य रोगात अंग सुजून कातडी फाटते व दुधाळ द्रव गळतो, तर पेब्रीनमध्ये अळ्या कमी खातात आणि लहान-मोठ्या राहतात. पेब्रीनने फ्रान्समधील रेशीम व्यवसाय खिळखिळा केला, तेव्हा १८६५ साली लुई पाश्चर यांनी त्याचा अभ्यास हाती घेतला. हा रोग मादीकडून अंड्यांत उतरतो हे दाखवून त्यांनी अंडी घातलेल्या मादीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करण्याची पद्धत रूढ केली. आजचे ‘रोगमुक्त अंडीपुंज’ याच तपासणीतून येतात.

पाचव्या अवस्थेच्या अखेरीस अळी शेवटचा उपवास धरते. तिचे अंग पारदर्शक पिवळसर होते, पोट रिकामे होते आणि ती डोके उचलून आधार शोधू लागते. तिला तत्काळ चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणण्यासाठीच्या जाळीदार चौकटीवर, सोडावे लागते. यानंतर ती आयुष्यात पुन्हा काहीही खात नाही, कारण कोषातून बाहेर पडणाऱ्या पतंगाला खाण्यायोग्य मुखच नसते.

म्हणून अळ्यांनी पाला सोडला की अधिक पाला टाकण्यापूर्वी अवस्थेचा दिवस, पाल्याची प्रत, खोलीतील तापमान, शेजारच्या शेतातील फवारणी आणि शेवटी अळीचे अंग, या क्रमाने तपासणी करणे हिताचे ठरते. तारखा, पाला देण्याच्या वेळा आणि तापमान यांची रोजची नोंद असेल, तर हा उलगडा काही मिनिटांत होतो. या साऱ्या कारणांपैकी फवारणी हे एकच कारण संगोपन करणाऱ्याच्या हातात पूर्णपणे नसते. तेव्हा कपाशी-मोसंबीवाल्या शेतकऱ्याने पंप पाठीवर घेण्यापूर्वी तुतीवाल्या शेजाऱ्याला आदल्या दिवशी निरोप द्यावा, म्हणजे त्याला पाला वेळेत तोडून ठेवता येईल.