मिठाआधीच निळं

बीएस्सीच्या मुलांना मी दरवर्षी सोनं उकळायला लावते. सोन्याच्या क्षाराचं फिकट पिवळं द्रावण उकळत ठेवायचं, त्यात सोडियम सायट्रेट ओतायचं. आधी काळपट छटा येते, मग बघता बघता कोकम सरबतासारखा लाल रंग. सोनंच ते, फक्त कण १५-२० नॅनोमीटरचे. आता चिमूटभर मीठ. डोळ्यांदेखत सगळं जांभळट निळं! कणांना एकमेकांपासून लांब ठेवणारा ऋण प्रभार मिठापुढे निष्प्रभ होतो, कण बिलगतात, आणि बिलगलेले कण वेगळाच प्रकाश शोषतात.

अल्झायमरमध्येही घोळ बिलगण्याचाच. १९०६ साली आलोइस अल्झायमर यांनी ऑगस्टे डेटर या रुग्णाच्या मेंदूत पाहिलेले साठे ॲमिलॉइड-बीटा या प्रथिनाचे, हे पुढे कळलं. पण त्याहून घातक असतात ते आधीचे विरघळलेले, चिमुकले पुंजके, असं अनेक संशोधक मानतात. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात चॅड मर्किन यांच्या गटाने २००५ साली ते मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात हेरले. एका बाजूने चुंबकीय कण पुंजक्याला धरतो, दुसरीकडून सोन्याचा कण चिकटतो. त्याच्या अंगावर डीएनएचे शेकडो धागे. मोजायचे ते धागे. गुन्हेगार एक, साक्षीदार शेकडो!

रक्तात काम अवघड. तिथली भलतीच प्रथिनं सोन्यावर आयती चढून बसतात. सोनं तसं फारच हळवं: गेल्या वर्षी माझं द्रावण मिठाआधीच निळं पडलं. फ्लास्क नीट विसळला नव्हता, मीच.