सौंदर्याआडचें शल्य



सुंदर चित्र पाहून मन प्रसन्न व्हावें, अशी आपली साधारण अपेक्षा असते. परंतु कांहीं चित्रें डोळ्यांना सुखवितात आणि मनाला मात्र स्वस्थ बसूं देत नाहींत. अशाच एका चित्राविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

अजिंठ्याचें १६ व्या क्रमांकाचें लेणें वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव यानें पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत करविलें. त्याच्या भिंतीवर आसनावर रेललेली एक राजस्त्री आहे. मान कललेली, पापण्या मिटत आलेल्या. एक दासी तिला मागून सांवरते, दुसरी वारा घालते. ‘मरणोन्मुख राजकन्या’ हें तिचें रूढ नांव. १८७२ पासून विद्यार्थ्यांकरवीं अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करविणारे मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनीं ह्या चित्रांतील करुणरसाची मुक्तकंठानें स्तुति केली आहे.

मीही वर्षानुवर्षें मुलांना तेंच नांव सांगत असें. एका सहलींत एका विद्यार्थिनीनें विचारलें, “गुरुजी, बाई आजारी आहेत, तर तो माणूस मुकुट घेऊन कां उभा आहे?” मला उत्तर सुचलें नाहीं. “पुढें चला,” एवढेंच मी म्हणालों.

घरीं येऊन ग्रंथ चाळले, तेव्हां उलगडा झाला. अभ्यासकांच्या मतें ही सुंदरी, बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याची पत्नी. अश्वघोषाच्या ‘सौंदरनंद’ काव्यांत, तिच्या मुखावरील ओलें विशेषक वाळण्यापूर्वीं परत येण्याचें वचन देऊन नंद बुद्धाकडे जातो आणि मनाविरुद्ध भिक्षु होतो. चित्रांत तो परतलेला नाहीं. त्याचा मुकुट तेवढा परत आला आहे.

आतां चित्रकाराची युक्ति पाहा. अश्रु नाहींत, आक्रोश नाहीं. रेषा कोमल आहेत, रंग सौम्य आहेत. त्या लावण्यानें आपण थबकतों. मग केव्हां तरी नजर मुकुटाकडे वळते, आणि क्षणापूर्वीं डौलदार वाटलेली तीच मान मोडून पडलेली दिसूं लागते. दुःख प्रथमच उघडें मांडलें असतें, तर आपण हळहळून पुढें गेलों असतों. सौंदर्यानें आपणांस थांबविलें, म्हणून शल्य आंत शिरलें.

आणि हें चित्र आहे कोठें? घरदार सोडून आलेल्या भिक्षूंच्या विहारांत! नंदाची दीक्षा तेथें पुण्यकथा होय. चित्रकारानें ती नाकारली नाहीं. परंतु त्या पुण्याचें मोल मागें राहिलेल्या कोणी दिलें, हेंही त्याच भिंतीवर दाखविलें. निवाडा मात्र पाहणाऱ्यावर सोपविला.

त्या मुलीला मीं पुढें चालावयास सांगितलें, ही माझी चूक होती. आपल्या घरचें मूल एखाद्या सुंदर चित्रापुढें असा प्रश्न विचारील, तर त्याला घाईनें पुढें नेऊं नका. त्याच्यासमवेत क्षणभर तेथेंच उभे राहा.