राखीव वाट

वाशी, नेरूळ किंवा कोपरखैरणेच्या कुठल्याही सेक्टरात कोपऱ्यावर, पदपथाला लागून, एक लोखंडी पेटी उभी असते. दारावर कवटीचं चिन्ह, कडीला कुलूप, खाली सिमेंटचा ओटा. महावितरणची माणसं तिला आरएमयू म्हणतात, म्हणजे रिंग मेन युनिट. दार उघडलं की साधारण तीन खण दिसतात. एका खणात उपकेंद्राकडून आलेली केबल, दुसऱ्यात पुढच्या पेटीकडे जाणारी, तिसऱ्यातून जवळच्या रोहित्राला वीज. खणातल्या स्विचच्या तीन अवस्था असतात: चालू, बंद आणि अर्थिंग. शेजारी गॅसच्या दाबाचा छोटा काटा असतो. तो हिरव्या पट्ट्यात आहे हे बघितल्याशिवाय जाणता माणूस स्विचला हात लावत नाही, कारण स्विच उघडताना पेटणारी ठिणगी विझवण्याचं काम आत कोंडलेल्या त्या वायूचं असतं.

घरातली वीज गेली, तर ती दहा मिनिटांत येणार की चार तासांनी, हे पुष्कळदा या पेट्यांवर ठरतं. त्या हाताने चालवता येतात, तशाच मोटार आणि संदेशयंत्रणा बसवून दुरूनही चालवता येतात. दुरून चालणाऱ्या पेट्यांना संगणकाची जोड दिली की बिघाड आपोआप बाजूला काढून उरलेल्या भागाला वीज परत देणारी व्यवस्था उभी राहते. नवी मुंबईसारख्या शहराला तिची गरज का आहे आणि ती कशाच्या जिवावर चालते, हे समजून घेण्यासारखं आहे.

वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी मुंबईच्या खाडीपलीकडच्या या शहराची कल्पना १९६०च्या दशकात मांडली. १७ मार्च १९७० रोजी ते उभारण्यासाठी सिडको ही संस्था स्थापन झाली आणि वाशीपासून एकेक नोड, म्हणजे उपनगर, उभा राहू लागला. आधी आराखडा आणि मग वस्ती, असा क्रम असल्यामुळे रस्त्याच्या कडेने केबल पुरायला जागा मिळाली. आज सेक्टरांमधली वीज बहुतांशी जमिनीखालून फिरते. उघड्या तारा दिसतात त्या गावठाणांत आणि ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याच्या काही भागांत. पावसाळी वाऱ्यात फांदी पडून तारा तुटण्याची भीती केबलला नसते. तिचे शत्रू निराळे आहेत: रस्ता खणणारा जेसीबी, झिरपणारं पाणी, आणि सर्वांत जास्त म्हणजे जुना सांधा.

सांध्याची गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. केबल एका जागी जळाली की तेवढा तुकडा कापून काढतात आणि नवा तुकडा बसवतात. नव्या तुकड्याला दोन टोकं, म्हणून दोन नवे सांधे. प्रत्येक सांधा चिखलात, खड्ड्यात, कधी पावसात ताडपत्री धरून केलेला असतो. आत ओल किंवा धूळ राहिली तर काही महिन्यांनी, काही वर्षांनी तीच जागा पुन्हा उडते. एका बिघाडाची दुरुस्ती अशी पुढच्या दोन कच्च्या जागा निर्माण करू शकते.

आता जुनी रीत बघा. रात्री २२ किंवा ११ केव्हीचा एक फिडर, म्हणजे उपकेंद्रातून निघून पेट्यांना जोडत जाणारी केबलची वाट, ट्रिप होतो. उपकेंद्रातला ब्रेकर सेकंदाच्या लहानशा अंशात उघडतो आणि त्या फिडरवरचे सगळे सेक्टर अंधारात जातात. केबल मात्र बिघडलेली असते एकाच ठिकाणी, आणि ती जागा जमिनीखाली असते. जनमित्र, म्हणजे महावितरणचा लाइनमन, मधल्या पेटीवर जातो, तिथे फिडरचे दोन भाग करतो आणि उपकेंद्राला फोनवर सांगतो, ‘चार्ज करा.’ ब्रेकर टिकला तर अलीकडचा भाग चांगला. पुन्हा ट्रिप झाला तर दोष अलीकडे आहे. मग पुढची पेटी, पुन्हा कुलूप, पुन्हा फोन, पुन्हा चार्ज. वेळ जातो तो गाडी चालवण्यात, साचलेल्या पाण्यातून पेटीपर्यंत पोचण्यात आणि अडकलेली कडी सोडवण्यात. शिवाय दोष असलेल्या केबलवर वीज सोडली की दर वेळी हजारो अँपिअरचा लोट त्या वाटेने धावतो आणि वाटेतल्या धडधाकट सांध्यांनाही हादरा देतो. शोध घेण्याच्या या पद्धतीतच नवं नुकसान दडलेलं असतं.

स्वयंचलित व्यवस्था हाच शोध चार्ज न करता घेते. प्रत्येक पेटीत केबलभोवती एक कडं बसवलेलं असतं, फॉल्ट पॅसेज इंडिकेटर. त्याचं काम एवढंच की प्रचंड प्रवाह आपल्यातून गेला की नाही, हे लक्षात ठेवायचं. समजा, एका उपकेंद्रातून निघालेल्या फिडरवर सहा पेट्या आहेत. सहावीच्या पलीकडे दुसऱ्या उपकेंद्राचा फिडर येऊन थांबतो, पण त्या दोघांमधला स्विच एरवी उघडा ठेवलेला असतो. बिघाड होतो तिसऱ्या आणि चौथ्या पेटीच्या मध्ये. ब्रेकर उघडतो. पहिल्या तीन पेट्यांची कडी सांगतात, ‘प्रवाह गेला.’ चौथी, पाचवी, सहावी काहीच सांगत नाहीत. दोष तीन आणि चारच्या मध्येच असणार, हे इथे ठरलं.

ही खबर पेटीतलं छोटं संदेशयंत्र मोबाईलच्या जाळ्यातून, रेडिओवरून किंवा ऑप्टिकल फायबरमधून नियंत्रण केंद्राला कळवतं. तिथून आज्ञा सुटतात. तिसऱ्या पेटीचा पुढे जाणारा स्विच उघडा, चौथीचा मागून येणारा स्विच उघडा. हे स्विच नेहमीचा लोड तोडू शकतात, फॉल्टचा प्रवाह तोडणं त्यांच्या ताकदीबाहेरचं असतं. म्हणून ब्रेकर आधी उघडलेला असणं आणि सगळं मृत अवस्थेत असताना स्विच हलवणं, हा क्रम पाळावाच लागतो. दोन्ही बाजूंनी तुकडा सुटला की उपकेंद्राचा ब्रेकर चालू होतो आणि पहिल्या तीन पेट्या उजळतात. मग सहावीपलीकडचा उघडा स्विच जोडला जातो आणि चौथी, पाचवी, सहावी दुसऱ्या उपकेंद्राकडून वीज घेतात. यालाच बॅकफीड म्हणतात. सहा पेट्यांचे ग्राहक परत जोडले गेले आणि मेलेला राहिला फक्त मधला केबलचा तुकडा. हाताने तासन्‌तास चालणारं काम इथे मिनिटांत उरकतं.

इतकं वाचून कुणालाही वाटेल की करामत संगणकाची आहे. मला ती दुसरीकडे दिसते. शेवटचा स्विच जोडण्याआधी संगणकाला एक प्रश्न सोडवावा लागतो: शेजारच्या फिडरमध्ये जागा आहे का? उदाहरणादाखल धरू, दोन्ही फिडर ३०० अँपिअर पेलू शकतात आणि दोघांवर १५० अँपिअर लोड आहे. मग एकाचा अर्धा लोड काय, सगळा लोडसुद्धा दुसरा घेऊ शकतो. पण दोघेही २५० अँपिअरवर धावत असतील, तर निम्मा लोड म्हणजे १२५ अँपिअर घेताना शेजारी स्वतःच ट्रिप होईल आणि एका फिडरचा अंधार दोन फिडरवर पसरेल. चांगली व्यवस्था अशा वेळी लोडचे तुकडे करून तीन शेजाऱ्यांत वाटते, किंवा जेवढं झेपेल तेवढंच परत देते आणि उरलेलं थांबवते. जागाच नसेल तर जगातलं सर्वांत हुशार सॉफ्टवेअर हात जोडून बसतं.

म्हणून मला ठामपणे म्हणावंसं वाटतं की वीज लवकर परत येण्याचा वेग हा बिघाडाच्या रात्री मिळत नाही. तो कित्येक वर्षं आधी, फिडर अर्धा रिकामा राखून, विकत घेतलेला असतो. नवी मुंबईत ही राखीव जागा सतत खाल्ली जाते. जुन्या इमारतींच्या पुनर्विकासात चार मजल्यांच्या जागी मनोरे येतात, घरटी एकाऐवजी तीन एसी येतात. ऐरोली, रबाळे, महापे परिसरात डेटा सेंटर आली. पनवेलला योट्टाचं मोठं केंद्र २०२०मध्ये सुरू झालं. शहर वाढतं याचा आनंदच आहे. पण वाढीच्या हिशेबात आजचा लोड मोजला जातो आणि शेजाऱ्याला द्यायची जागा विसरली जाते, हा धोका खरा आहे.

जगात या कल्पनेला वेगवेगळी रूपं मिळाली. जपानमध्ये संगणकाचं राज्य येण्याआधीच असे स्विच बसवले गेले की वीज परतताना फिडरचा एकेक भाग ठरावीक सेकंदांच्या अंतराने चालू व्हायचा. ज्या भागाशी येऊन पुन्हा ट्रिप झाला, तो दोषी ठरायचा. अमेरिकेत टेनेसीतल्या चॅटानूगा शहराने सुमारे १,२०० स्वयंचलित स्विच बसवले, आणि जुलै २०१२च्या वादळात तिथली वीज पूर्वीपेक्षा कितीतरी लवकर सावरली. तिथे तारा उघड्या आहेत. फांदी घासून झालेला बिघाड क्षणिक असतो, म्हणून ब्रेकर एक-दोनदा आपोआप परत चालू करून बघणं शहाणपणाचं ठरतं. केबलमधला बिघाड सहसा कायमचा असतो. तिथे असा पुन्हा प्रयत्न करणं म्हणजे जखमेवर घाव घालणं. जमिनीखालून वीज नेणाऱ्या शहराला आधी बघणारी आणि मग जोडणारी व्यवस्थाच लागते.

या व्यवस्थेला स्वतःची एक सीमा आहे, आणि ती नवी मुंबईने अनुभवली आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली, लोकल थांबल्या. पडघा-कळवा आणि पुणे-खारघर या ४०० केव्हीच्या वाटांवर संकट आलं होतं, आणि मुंबईला बाकीच्या जाळ्यापासून तोडून सावरणारी आयलँडिंगची योजनाही त्या दिवशी टिकली नाही. राज्य भार प्रेषण केंद्र ऐरोलीलाच आहे. तिथल्या अभियंत्यांना वीज टप्प्याटप्प्याने उभी करावी लागली. अशा दिवशी रस्त्यावरची पेटी काही करू शकत नाही, कारण दोन्ही उपकेंद्रांकडे द्यायला वीजच नसते. शेजाऱ्याची मदत तेव्हाच कामाची, जेव्हा शेजारी उभा असतो.

ही व्यवस्था उभी करायची आणि सांभाळायची कुणी? २००५मध्ये राज्य विद्युत मंडळाची विभागणी होऊन महावितरण कंपनी झाली. नवी मुंबईचं काम तिच्या भांडुप परिमंडळातलं वाशी मंडळ बघतं. केंद्र सरकारने २००८मध्ये सुधारित एपीडीआरपी योजना आणली, तेव्हा चार लाखांवर लोकसंख्या आणि वर्षाला ३५ कोटी युनिटांवर वीज घेणाऱ्या शहरांसाठी स्काडा, म्हणजे दुरून बघण्या-चालवण्याची यंत्रणा, ठरवली गेली. २०२१च्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेने ते काम पुढे नेलं. पण पैसा मिळून यंत्र बसलं की काम संपत नाही. पेटीतल्या संदेशयंत्राची बॅटरी दर काही वर्षांनी बदलावी लागते. खाऱ्या, दमट हवेत स्विचची यंत्रणा न चालवता पडून राहिली तर ऐन वेळी अडकते. खणाखणीत केबल हलवली आणि नियंत्रण केंद्राच्या नकाशात बदल नोंदवला नाही, तर संगणक चुकीच्या केबलचा विचार करत बसतो. वर्षातून काही वेळा मुद्दाम स्विच फिरवून बघणं, हे बिघाड दुरुस्त करण्याइतकंच महत्त्वाचं काम आहे.

आणि माणूस? मेलेला केबलचा तुकडा शेवटी माणसालाच जिवंत करायचा असतो. केबलमध्ये लहर सोडून बिघाड किती मीटरवर आहे याचा अंदाज घेतात, मग जोरदार ठोके देत रस्त्यावर कान लावून नेमकी जागा पकडतात, खणतात, सांधा करतात. हे काम सुरू असताना दुसऱ्या टोकाचा स्विच कुणीही दुरून चालू करता कामा नये. म्हणून पेटीवर रिमोट-लोकलची किल्ली असते. ती लोकलवर फिरवून, अर्थिंग लावून, परमिट घेऊनच जनमित्र खड्ड्यात उतरतो. स्वयंचलित व्यवस्थेची पहिली कसोटी वेगाची नव्हे, ती या माणसाच्या सुरक्षिततेची आहे.

विश्वासार्हता मोजताना अनेक ठिकाणी पाच मिनिटांहून लांबलेला खंड ‘खंड’ म्हणून धरण्याची पद्धत रूढ आहे. त्या पाच मिनिटांच्या आत बसायचं असेल, तर नागरिकाने १९१२ या क्रमांकावर वीज कधी येणार हे विचारण्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारायला हवा: आमच्या फिडरला दुसरी वाट आहे का, आणि तिच्यात जागा आहे का? गृहसंस्थेने, नगररचनाकाराने, वीज अभियंत्याने नव्या मनोऱ्याची जोडणी मंजूर करताना हाच हिशेब धरावा. मनोरा उभा राहील त्या दिवसाचा लोड पुरेसा नाही. शेजारचा फिडर बंद पडेल त्या रात्रीचा लोड मोजून मगच कागदावर सही व्हायला हवी.