डग्गा कुठे गळाला?

बदलापूर लोकलमध्ये चौथ्या सीटवर कसाबसा टेकलो आणि नवा इअरफोन कानात घातला. तबला ऐकतोय, तर डग्गाच गायब! चाटीवरचा ‘ना’ टणटणीत, पण ‘घे’चा घुमार नाही. पैसे पाण्यात गेले म्हणून कुरकुरत होतो, तर शेजारचा कॉलेजातला पोरगा म्हणाला, “काका, बोटाने जरा आत दाबा.” दाबलं, डग्गा आला. बोट काढलं, गेला.

दोष रबराचा होता. इअरफोनच्या तोंडावरची ती सिलिकॉनची टोपी आपण कुठल्याच हिशेबात धरत नाही. कुकरची रिंग ढिली झाली की वाफ धरत नाही, तसंच हे. खर्जाचा आवाज म्हणजे हवेचा सावकाश चढणारा-उतरणारा दाब. आतला इवलासा पडदा तो उभा करू शकतो, पण बंद जागेतच. फट राहिली की दाब तिथूनच सटकतो. वरच्या पट्टीतली कंपनं इतकी जलद, की त्यांना त्या फटीतून निसटायला फुरसतच मिळत नाही. म्हणून खर्ज जातो आणि किरकिर तेवढी उरते.

गाडीत तर दुहेरी नुकसान. डब्याची घरघर खर्जातलीच. ती त्याच फटीतून आत शिरते आणि उरलासुरला डग्गा झाकते. मग आपण आवाज वाढवतो. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर. जाऊनयेऊन अडीच-तीन तास, आठवड्याला पंधरा तास तरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८६ डेसिबलला फक्त १० तास. बुधवार-गुरुवारपर्यंतच कोटा संपला.

फोमची टोपी फट उत्तम बुजवते. तिला देवाची वात वळतात तशी चिमटीत वळायची, कानात सारायची आणि फुगेपर्यंत धरून ठेवायची. ती ‘स’, ‘श’ची धारही थोडी बोथट करते, मला बरं वाटतं, सतारीच्या शौकिनाला कदाचित नाही. टोपीचं भोक अरुंद असेल तर वरचे स्वर आणखी मवाळ होतात. मात्र कान असे बुजले की आपलंच चावणं डोक्यात घुमतं. वडापाव खाताना हे ध्यान काढून ठेवावं. फलाटावर तर नक्कीच, उद्घोषणा ऐकू यायला हवी.

डबीतली मधली जोडीच सगळ्यांना बसते, हा भ्रम. दोन कान तरी कुठे सारखे असतात? माझ्या उजव्याला मधलं लागतं, डाव्याला मोठं. परवा अंबरनाथला उतरणाऱ्यांच्या रेट्यात डावं रबर निसटलं, ते कुणाच्या चपलेखाली गेलं देव जाणे. उल्हासनगरच्या बाजारात सुटी रबरं मागितली तर दुकानदाराने मूठभर काउंटरवर ओतली. “साईज कौनसा?” मी सरळ डावा कान पुढे केला.